वरच्या मजल्याचा पुदिना

शीला,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एकजण उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात माईक. तुझे कुणी लांबचे काका असावेत. म्हणाले, "शीलाताई अतिशय शांत स्वभावाच्या होत्या. कधी कुणाला उलट शब्द बोलल्या नाहीत." बाया माना हलवायला लागल्या. मला इतका राग आला की डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी थांबलं. जन्मात कधी माईक धरला नव्हता मी. उठले, त्यांच्या हातातून मागून घेतला आणि बोलले, "माफ करा, पण हे खोटं हाय. शीला शांत नव्हती. लई भांडायची. माझ्याशी भांडायची, घरमालकाशी भांडायची, टँकरवाल्याशी भांडायची. ती भांडली म्हणून आमच्या मजल्याला पाणी आलं."

घरमालक तिसऱ्या रांगेत बसले होते, त्यांनी चष्मा पुसायला काढला. आणि मागं, खांबाला टेकून उभा असलेला तुझा भाऊ मिलिंद एकदम हसला आणि हसता हसता तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला.

माणूस गेलं की त्याला गोड करून टाकायचं, ही कसली रीत? मी तुला गोड करणार नाही. तू होतीस तशीच माझ्याकडं राहशील. ज्यांना शांत शीलाताई पाहिजे त्यांनी आपल्या घरी ठेवावी.

तुला आठवतं का, आपली पहिली गाठ कशी पडली? आम्ही शहरात, गारखेड्यात, नवे नवे आलो होतो. गावाकडं, वैजापूरच्या बाजूला, लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला होता. माळावर कुसळसुद्धा राहिलं नव्हतं, आणि त्या माळावरच मोठ्या रस्त्याची आखणी झाली होती. सासऱ्यांनी मेंढरं विकली, फक्त माझ्या भावानं आपली थोडी राखली. आमच्या ह्यांना वाळूजला कंपनीत काम लागलं आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलो. मला चार भिंतींत कोंडल्यासारखं व्हायचं. खाली अंगण नाही, वर गच्चीला मालकाचं कुलूप. दिवसभर शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायचे आणि जिन्यातल्या खिडकीशी येऊन उभं राहायचं, एवढाच माझा फिरायचा मुलूख.

त्या जिन्यातल्या खिडकीत, माझ्या आणि तुझ्या दाराच्या मधोमध, निळा डबा होता. गोडेतेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापलेला, कडा आत वळवलेल्या, आणि त्यावर पिवळ्या रंगात अशी अक्षरं की दुकानाच्या पाटीवरही तशी सापडू नयेत: पुदिना. खाली तेच उर्दूत. डब्यातून हिरवागार पुदिना कठड्यावरून खाली लोंबत होता. मला वाटलं, आत दुकान आहे. मी तुझं दार वाजवलं.

"पुदिना मिळतो का इथं?"

तू दारात आलीस. नाकावर रंगाचा ठिपका, कानामागं ब्रश. "मिळतो," म्हणालीस. "विकत नाय मिळत." आणि कात्रीनं मूठभर कापून माझ्या ओंजळीत टाकलास. मी नाकाशी नेला आणि रडायलाच लागले. तू विचारलं नाहीस का रडते म्हणून. म्हणालीस, "चटणीत लिंबू पिळ, नायतर काळी पडती." मला अजून वाटतं, त्या दिवशी तू विचारलं असतंस तर मी परत तुझ्या दारात आले नसते.

हळूहळू तुझं कळत गेलं. तुझे बाबा गुलमंडीजवळ पाट्या रंगवायचे. मराठी, उर्दू, इंग्रजी, ज्याला जशी पाहिजे तशी. कापडाचं दुकान, दवाखाना, सायकल पंक्चर, निवडणुकीच्या भिंती, सगळं. तू शाळेतून आलीस की दप्तर टाकून त्यांच्या हाताखाली बसायचीस. आधी फक्त अक्षरांच्या आतला रंग भरायचीस, मग बाहेरची रेघ तुझ्याकडं आली, मग पाटीच तुझ्याकडं आली. गिऱ्हाईक विचारायचं, "पेंटर कुठंय?" आणि तू शिडीवरून म्हणायचीस, "बोला." मग फ्लेक्स आलं. एका दुपारी छापून मिळणाऱ्या बोर्डासमोर हाताची पाटी कोण सांगतंय? दुकान बंद झालं, थोड्या दिवसांनी बाबा गेले, मिलिंद वैजापूरच्या मार्केट यार्डात कामाला लागला. तू लग्न केलं नाहीस. शाळांच्या भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवायचं काम मिळेल तसं घ्यायचीस आणि उरलेला रंग घरी आणायचीस. त्या उरलेल्या रंगातून डबे झाले.

शहराचं नाव बदललं तेव्हा तू खिडकीत उभी राहून म्हणालीस, "बाबा असते तर दोन वर्षं मान वर करायला फुरसत नसती. गल्लोगल्ली पाट्या. आता बघ, सगळं मशीन थुंकतंय." आणि समोरच्या फ्लेक्सकडं बोट दाखवून, "त्या वेलांटीची काय दशा केलीय, बघ." शहराच्या नावावरून लोक दुसऱ्याच गोष्टींसाठी भांडत होते आणि तू वेलांटीसाठी.

मला तू डबा करायला शिकवलंस. चिकटवलेला कागद गरम पाण्यानं सोडवायचा, गंज पॉलिश पेपरनं घासायचा, कापलेली कड पक्कडीनं आत दाबायची म्हणजे हात कापत नाही. मग लाल प्रायमर. तो वाळल्याशिवाय वरचा रंग लावला की तू माझ्या हातावर ब्रशची दांडी मारायचीस. "घाई नक्को! पत्रा रुसतो." बाळाच्या दूधपावडरीचे डबे, वनस्पती तुपाचे डबे, कान तुटलेली बादली, फुटकी बरणी, तू काही सोडलं नाहीस. भंगारवाला आपल्या जिन्याखाली हाक द्यायचा बंद झाला, म्हणाला, "उपर की बाई कुछ छोड़ती इच नहीं."

तुझ्या ओट्याच्या खिडकीला सकाळचं ऊन यायचं, पण थोडंच. तू कापलेल्या डब्याचा उरलेला पत्रा घासून चकचकीत केलास आणि झाडांच्या मागं उभा केलास, म्हणजे तेवढंच ऊन पत्र्यावर पडून पानांच्या पाठीवरही जाईल. पुदिना, ओवा, गवती चहा, सब्जा, एका पसरट डब्यात मेथी. प्रत्येकाच्या पोटावर त्याचं नाव. मी म्हणायचे, "झाड दिसतंय की समोर, नाव कशाला लिवती?" तू म्हणायचीस, "तुला तुझ्या नावानं हाक मारलेली आवडती ना?"

भोकावरून आपलं किती वाजलं! मी म्हणायचे, डब्याला खाली भोक पाडलंच पाहिजे, मुळं कुजतील. तू म्हणायचीस, घरातल्या डब्याला भोक म्हणजे फरशीवर चिखल आणि पाण्याची नासाडी. खाली खडी घाल. शेवटी तुझा ओवा कुजला आणि माझी मेथी सुकली.

माती तुझी होती, खत माझं. भावाच्या वाड्यावरून मेंढरांच्या लेंड्या पोत्यात भरून मी एसटीनं आणल्या. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय आहे? मी म्हणाले, औषध. सगळी गाडी नाकाला पदर लावून बसली. तुला सांगितलं तर तू जिन्यातच खाली बसून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या खतावर तुझा पुदिना असा माजला की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा मान वर करून बघायला लागली.

आणि मग ते भांडण, जे अजून संपलेलं नाही.

मी एक डबा घासून, प्रायमर मारून तुझ्याकडं आणला आणि म्हणाले, "ह्याच्यावर खंडोबा काढ. मी ह्यात तुळस लावते." तू ब्रश खाली ठेवलास.

"देव मी काढत नाय, कमल."

"अगं, माझ्यासाठी काढ. तू नको मानू."

"माझा हात हाय. माझ्या हाताला मी काय सांगायचं ते मीच ठरवीन."

मी म्हणाले, पाटीवर गणपती काढले असतील की तुझ्या बाबांनी. तू म्हणालीस, "काढले. पोटासाठी काढले. ज्या देवळात त्यांच्या बापाला आत घेतलं नाय त्या देवळाची पाटी रंगवली. मला आता पोटासाठी काढायचं नाय आन प्रेमासाठी तर मुळीच नाय."

मला राग आला. मला वाटलं, तू माझ्या देवाला नाही म्हणतेस म्हणजे मलाच नाही म्हणतेस. मी डबा उचलला आणि गेले. किती दिवस आपण जिन्यात एकमेकींना बघून दारं लावत होतो! तू तिकडं खोकलीस तरी मला इकडं कळायचं आणि तरी मी बोलायचे नाही.

मग एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात एक डबा. गुलाबी रंगाचा. त्यावर एक जनावर. मी बराच वेळ बघत राहिले. कुत्रं होतं की डुक्कर, काही समजेना. तू तुझ्या दारात हाताची घडी घालून उभी.

"काय हाय हे?"

"मेंढी."

"ही मेंढी?" मी म्हणाले. "हिला बघून माझं सासर गाव सोडंल."

"मग सांग ना कशी असती! मी कवा बघितली जवळून?"

मी तिथंच जिन्यात बसले आणि तुला सांगितलं. आपल्याकडची मेंढी काळी असते, नाक उंच आणि बाकदार, कान पानासारखे लोंबते, पाय बारीक. ती मान खाली घालून चालते, पण मागं बघायचं झालं तर नुसती मान नाही, सगळी वळते. तू खोडून परत काढलीस, परत खोडलीस. तिसऱ्यांदा डब्यावर ती वळून उभी राहिली, आणि मला सासऱ्यांनी विकलेली आमची पुढारी मेंढी दिसली, जिच्या गळ्यात घंटी असायची. मी तुला म्हणाले, "हिच्या गळ्यात घंटी काढ." तू काढलीस.

त्या डब्यात मी तुळस लावली. तू ते बघितलंस आणि म्हणालीस, "झाड म्हणून लावली का देव म्हणून?" मी म्हणाले, "तुला काय करायचंय?" तू म्हणालीस, "मला खोकला झाला तर पानं मागायचीत, म्हणून इचारते." पुढं तू माझी तुळस काढ्यात घालायचीस, मी तुझा सब्जा सरबतात घालायचे, आणि देव की झाड हा वाद आपण दर दोन महिन्यांनी नव्यानं काढायचो. कुणीच हरलं नाही. आता मी एकटी तो वाद कसा चालवू? तुझ्या बाजूनं बोलायला लागले की तुझ्यासारखं जमत नाही.

मग ते दुष्काळी साल आलं. हर्सूलच्या तळ्याचं तळ दिसायला लागलं. नळाला कधी चार दिवसांनी पाणी, कधी आठवडा उलटला तरी नाही. शहर मात्र चहूबाजूंनी पसरतच होतं. जिकडं बघावं तिकडं नवी इमारत आणि तिच्या खाली टँकर. आपल्या बिल्डिंगीत टँकर आला की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढायचं, आणि टाकीचे व्हॉल्व्ह मालकाच्या हातात. तळमजला त्यांचा, पहिल्या मजल्यावर त्यांची मुलगी-जावई, दुसऱ्यावर आपण भाडेकरू.

एके दिवशी मालक वर आले. जिन्यातल्या खिडकीत पुदिना, तुझ्या दारातून ओट्यावरची हिरवळ दिसत होती. म्हणाले, "ज्यांच्याकडं झाडांना घालायला पाणी आहे, त्यांना टंचाई कसली?"

तू म्हणालीस, "तांदूळ धुतलेलं पाणी घालते मी. या, आत येऊन बघा, पातेलं भरून ठेवलंय."

ते आत आले नाहीत. त्या दिवसापासून आपल्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद झाला. सांगितलं नाही, नुसता बंद. आपण खालून हंडे चढवायला लागलो. माझे गुडघे गेले, तुझी कंबर गेली. मी तुला म्हणाले, "शीला, डबे काढून टाकू. चार दिवस. पाऊस पडला की परत लावू." खरं सांगायचं तर मला तुझीच भीती वाटत होती. ही खोली मिळायच्या आधी तू किती दारं वाजवली होतीस, ते तूच सांगितलं होतंस मला. आधी विचारायचे एकट्याच का, मग विचारायचे पूर्ण नाव काय, आणि नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. ह्या मालकानं नाव ऐकूनही खोली दिली होती. मी तेच म्हणाले. "त्यांनी खोली दिली, तेवढं तरी बघ."

तू माझ्याकडं असं बघितलंस की मी तो चेहरा विसरणार नाही. "खोली दिली. भाडं घेतात. उपकार कुठं आला मधी? खोली दिली म्हणून पाणी तोडायचा हक्क मिळतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी तुझं दार बंद. आतून टर्पेंटाइनचा वास. संध्याकाळी तू चार डबे उचलून जिन्यात आणलेस आणि रस्त्याकडच्या खिडकीत ओळीनं मांडलेस. पांढरे डबे, त्यावर लाल अक्षरं, तुझ्या बाबांच्या दुकानातली ती भरदार, सावली दिलेली अक्षरं. एकेका डब्यावर एकेक शब्द.

दुसऱ्या. मजल्याला. पाणी. द्या.

पहिल्या डब्यात ओवा, दुसऱ्यात गवती चहा, 'पाणी'वर पुदिना, 'द्या'वर सब्जा. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. हसू का पळू, कळेना. तू लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलंस, परत येऊन 'द्या' जरासा सरकवलास. "आता बरोबर," म्हणालीस.

सकाळी शाळेची व्हॅन थांबली तर पोरं एका सुरात वाचायला लागली. भाजीवाली मान वर करून विचारायची, "आलं का वो पाणी?" कोपऱ्यावरचा रिक्षावाला तर मालक गेटबाहेर आले की ओरडायचा, "अरे सेठ, दो ना उपर पानी! पुदिना भी मांग रहा!" दुपारी मालक वर आले, एकेक पायरी आपटत.

"काढा ते."

"खिडकी जिन्यातली हाय, सगळ्यांची हाय. डबे माझे. पुदिना माझा."

"बदनामी चालवली आहे तुम्ही माझी!"

"एकबी शब्द खोटा असला तर दाखवा. मी पुसते." तू कमरेचं फडकं काढून त्यांच्यापुढं धरलंस.

"खोली खाली करा. महिन्याच्या आत."

तुझ्या आवाजात काही फरक पडला नाही. "करते की. पण डबे इथंच ठेवून जाईन. तुमच्या गेटला भेट म्हणून."

तेवढ्यात आपल्या मजल्यावरचे सगळे दारात आले होते. आमचे हे सेकंड शिफ्टला निघाले होते, जेवणाचा डबा हातात. कधी कुणापुढं न बोलणारा माणूस, म्हणाला, "त्या गेल्या तर आम्हीबी चाललो, मालक." मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

त्याच आठवड्यात एका सकाळी माझा नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग गढूळ पाण्याची गुळणी, मग धार. मी तुझं दार बडवलं. तूही आतून ओरडत होतीस. आपण दोघी, मी ओला पदर पिळत, तू बादली कमरेवर, जिन्यात लग्नाघरच्या पोरींसारख्या नाचलो. महिना संपला तरी मालकांनी खोलीचं नाव काढलं नाही. पुढं त्यांच्या नातीला सर्दी झाली तेव्हा त्यांची बायकोच ओव्याची पानं मागायला वर आली. तू दिलीस. ती डब्यावरची अक्षरं वाचत राहिली आणि हळूच म्हणाली, "अक्षर छान आहे हो."

मी तुला म्हणाले, आता एक पाचवा डबा कर. त्यावर 'धन्यवाद' लिही. मिटलं म्हणजे गोड शेवट व्हावा.

"कशाबद्दल?"

"पाणी दिलं ना त्यांनी."

"माझंच होतं ते. आपलं आपल्याला मिळालं तर धन्यवाद म्हणायचं? मग ते आपलं राहतंय का?"

मी म्हणाले, रीत असते. तू म्हणालीस, रीतीनंच आपला सत्यानाश केलाय. तो वाद तू अगदी दवाखान्यापर्यंत नेलास.

पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. तू दुखणं कंबरेचं समजत होतीस, हंडे चढवून दुखतंय म्हणायचीस. सरकारी दवाखान्याच्या त्या लांबलचक वॉर्डात मी रोज यायचे. चहाच्या लहान डब्यात पुदिन्याची एक काडी लावून आणली होती. सिस्टर म्हणाली, माती चालणार नाही. तू म्हणालीस, "मग मी बी चालणार नाय. मी पण मातीच हाय की." ती हसली आणि बघितलं न बघितल्यासारखं करून गेली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी, जिला औषधांच्या वासानं मळमळायचं, दिवसातून कितीदा तरी हात लांब करायची आणि तू एक पान चुरगळून तिच्या बोटांत द्यायचीस.

खिडकीतून कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसायचा. तुला उठून बसता येत नव्हतं तरी तू म्हणालीस, "मला जरा वळव. ती मात्रा बघवत नाय." मी तुला भिंतीकडं वळवलं. सिस्टरनं सलाईन नीट केलं. मी म्हणाले, "धन्यवाद, सिस्टर." तू भिंतीकडं तोंड करूनच म्हणालीस, "बघ, लागली म्हणायला." ते मी तुझ्या तोंडचं ऐकलेलं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर खाट रिकामी होती आणि म्हातारी रडत होती.

तेव्हा मी तुला धन्यवाद म्हणणार नाही. माझ्या पहिल्या ओंजळीतल्या पुदिन्यासाठी नाही, मेंढीसाठी नाही, पाण्यासाठी तर नाहीच. तुझं माझ्यावर प्रेम होतं आणि ते माझ्या हक्काचं होतं, असं मी समजून चालते. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तू खंडोबा काढायला नाही म्हणालीस तेव्हा तू मला तोडलंस असं मला वाटलं होतं. ते तसं नव्हतं. माझ्या ओळखीतल्या सगळ्या माणसांत तू एकटीच होतीस जी मला 'नाही' म्हणून परत माझ्या दारात यायची. तुझ्यामुळं मला कळलं की भांडूनही माणूस आपलं राहतं. हे मी तोंडानं बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "लई भाषण झालं, मेथी खुड."

मिलिंद खोली रिकामी करायला आला तेव्हा हातगाडी घेऊनच आला. बिछाना, पातेली, तुझ्या रंगाच्या बाटल्या. डबे त्यानं पोत्यात घालायला घेतले. "वहिनी, ह्ये भंगारात देतो."

मी पोत्याचं तोंड धरलं. "भंगार म्हणू नको त्याला."

त्यानं हातातला डबा फिरवून बघितला. 'पाणी'. माती सांडली त्याच्या पँटवर. बघता बघता तो फरशीवर खाली बसला. "बाबांचा प हाय हा," म्हणाला. "असा पोटात गोल, आन खाली असा झटका. मला वाटलं हिनं दुकानासंगं सोडून दिलं सगळं. मी येत होतो, चहा पिऊन जात होतो. खिडकीकडं कवा बघितलंच नाय." मग म्हणाला, "ह्यो मला द्या."

"तो नाय देणार," मी म्हणाले. "दुसरा कुठलाबी ने." त्याला वाईट वाटलं, पण मी दिला नाही. तो गवती चहाचा डबा छातीशी धरून हातगाडीमागं चालत गेला. 'पाणी' मी जिन्यातल्या खिडकीत परत ठेवला, बाकी सगळे माझ्या ओट्यावर आणले. आमचे हे म्हणाले, "स्वयंपाक कुठं करायचा?" मी म्हणाले, "झाडांच्या मधी."

आज सकाळी मालक नवीन भाडेकरू घेऊन वर आले होते. नवरा-बायको, नुकतं लग्न झालेलं. तुझं दार उघडं होतं, आतून फिनाइलचा वास येत होता. यंदाही पावसानं ओढ दिलीय, नळ परत लांबायला लागलाय. मालक जिन्यातल्या खिडकीपाशी, 'पाणी'च्या डब्यासमोर थांबले आणि खरंच सांगते, वाईट नाही बोलले, मऊ आवाजात बोलले.

"आता त्या गेल्या. आता हे कुणासाठी ठेवायचं?"

मी डब्याच्या कडेची सुकलेली पानं काढत होते. हात थांबवला नाही.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

ती नवी पोरगी मागं उभी होती, तिनं वास घ्यायला मान पुढं केली. मी पुदिन्याचा एक शेंडा खुडून तिच्या हातात दिला. खाली टँकरचा हॉर्न वाजला. मी हंडा उचलला, मालकांना म्हणाले, "जरा बाजूला व्हा," आणि खाली जाऊन ओळीत उभी राहिले.

— कमल